पन्नास पोरं, डझनभर फावडी

श्रमदान फुकटात होतं असा ज्यांचा समज आहे, त्यांनी एकदा आपल्या गावात पन्नास पोरांचं शिबिर बोलवावं. सात दिवस ते शिबिर पोसावं आणि आठव्या दिवशी किराणा दुकानदाराची वही उघडून बसावं. चहापावडर आणि साखर या दोन रकान्यांकडे नुसतं बघितलं तरी घाम फुटतो. शिबिरातल्या निम्म्या पोरांना सात दिवसांत तेवढासुद्धा फुटलेला नसतो.

आमचं गाव माणदेशातलं. पाऊस आमच्याकडे येतो तो दुसऱ्या तालुक्याला जाताना वाट चुकून. त्यामुळे जलसंधारणावर बोलणारी माणसं गावात मुबलक आहेत, टंचाई फक्त पाण्याची. हिवरे बाजारची पंचसूत्री आमच्याकडे शाळेतल्या पोरालाही पाठ आहे: नशाबंदी, नसबंदी, कुऱ्हाडबंदी, चराईबंदी आणि श्रमदान. तिथे पोपटराव पवारांनी चार बंद्या घातल्या आणि श्रमदान चालू केलं. आमच्या गावाने चार गोष्टी चालू ठेवल्या आणि श्रमदान तेवढं बंद केलं. 2016 साली गावांची जलसंधारणाची पहिली 'वॉटर कप' स्पर्धा झाली, 45 दिवस तीन तालुके खपले आणि कोरेगाव तालुक्यातल्या वेळूने पहिला नंबर काढला. म्हणजे आमच्याच जिल्ह्यातलं गाव! आमची माणसं जीप करून वेळू बघायला गेली, चर बघितले, फोटो काढले आणि परत येऊन पारावर निर्णय दिला, "त्यांची माती मऊ हाय."

अशा गावाला एके दिवशी कॉलेजचं पत्र आलं. राष्ट्रीय सेवा योजनेचं विशेष श्रमसंस्कार शिबिर आपल्या गावी घेण्याचा मानस आहे, तरी निवास, पाणी, वीज, स्वच्छतागृह आणि श्रमदानासाठी पुरेसं काम उपलब्ध करून द्यावं.

"पुरेसं म्हंजे किती?" सरपंचांनी विचारलं.

"सात दिवस पुरेल एवढं."

"सत्तर वर्षं पुरंल एवढं हाय म्हणावं. कुठनं सुरू करायचं तेवढं विचारा."

समन्वयक म्हणून माझं नाव सुचवलं गेलं. नव्हे, मी सभेला पोचायच्या आधीच ते मंजूर झालं होतं. निवृत्त प्राथमिक शिक्षक ही सरकारने वापरून परत केलेली वस्तू असते. ती गावात कुणीही मागून न्यावी, कामाला लावावी आणि पुसून न ठेवता तशीच टाकून द्यावी असा रिवाज आहे.

काम ठरलं दुहेरी. माळावर समतल चर खोदायचे आणि खाली ओढ्यावर वनराई बंधारा घालायचा. वनराई बंधारा म्हणजे रिकाम्या सिमेंटच्या किंवा खताच्या पोत्यांत माती-वाळू भरून ओढ्याला घातलेली आडकाठी. खर्च नाही, यंत्र नाही, टेंडर नाही. टेंडर नाही म्हटल्यावर सभेतले दोन मान्यवर उठून गेले. उरलेल्यांनी जागेवरून वाद घातला. जिथे पात्र अरुंद, काठ भक्कम आणि तळाचा उतार कमी, तिथे बंधारा घालावा असं कृषी सहायकांनी समजावून सांगितलं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मग असं निष्पन्न झालं की ओढा प्रत्येकाच्या विहिरीपासून हाकेच्या अंतरावर आला की आपोआप अरुंद होतो, काठ भक्कम होतात आणि उतारही कमी होतो. शेवटी जी जागा नक्की झाली ती तांत्रिक कारणाने पंचवीस पावलं खाली सरकली. तांत्रिक कारणाची मोटर पाच हॉर्सपॉवरची आहे आणि ते सरपंचांचे मेहुणे लागतात.

खरी अडचण वेगळीच होती. वनराई बंधारा घालायचा तो पावसाळा सरताना, ओढा वाहता असताना, म्हणजे दिवाळीच्या आगेमागे. शिबिर असतं परीक्षा संपल्यावर, म्हणजे डिसेंबर-जानेवारीत. ओढ्याला विद्यापीठाचं वेळापत्रक कुणी कळवलेलं नसतं. मी कॉलेजच्या सरांना फोनवर विचारलं, "अलीकडे घेता येईल का?" सर म्हणाले, "गुरुजी, सत्र परीक्षा, पुनर्परीक्षा, युवा महोत्सव. डिसेंबरच्या आधी एक दिवससुद्धा नाही." मी म्हटलं, "बरं, ओढ्याला विचारून सांगतो." ओढ्याने मान टाकली होती, पण जीव होता. करंगळीएवढी धार चालू होती. काम मंजूर.

मुलं दोन एस.टी. गाड्या भरून आली. मुलींची सोय शाळेत, मुलांची देवळाच्या सभामंडपात. प्रत्येकाच्या पाठीवर एक सॅक, हातात एक सॅक, आणि गाडीतून उतरल्यावर पहिला प्रश्न, "काका, चार्जिंग पॉइंट कुठंय?" सभामंडपात पॉइंट एकच. त्याला आजवर समईच्या आकाराचा विजेचा दिवा लावलेला असे. त्या रात्रीपासून देव सात दिवस अंधारात होता.

उद्घाटनाची वेळ सकाळी नऊ. पाहुणे साडेअकराला आले. तोवर पोरांनी लक्ष्यगीत तीनदा म्हटलं, टाळ्यांचे सगळे प्रकार संपवले आणि फ्लेक्सच्या दोऱ्या चारदा घट्ट केल्या. पाहुण्यांनी कुदळीला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला आणि फोटोसाठी कुदळ उचलली. फोटो नीट आला नाही म्हणून पुन्हा उचलली. त्या दोन उचलण्यांत जमिनीला कुठेही इजा झाली नाही. मग मांडवात बसून श्रमाचं महत्त्व या विषयावर पाच भाषणं झाली. गाडगेबाबांचं नाव पाचही जणांनी घेतलं. गाडगेबाबा दिवसा हातात खराटा घेऊन गाव झाडायचे आणि रात्री कीर्तनाला उभे राहायचे. आमच्याकडे कीर्तन आधी झालं. खराट्याची वेळ आली तेव्हा जेवणाची घंटा वाजली.

दुपारी बौद्धिक. विशेष शिबिरात दुपारच्या जेवणानंतर बौद्धिक सत्र असतंच, आणि त्याचा पहिला वक्ता मी होतो. वाचनालयातून टिपणं काढून नेली होती. सांगितलं, की गांधीजींच्या जन्मशताब्दीच्या वर्षी, 24 सप्टेंबर 1969 रोजी, तेव्हाचे केंद्रीय शिक्षणमंत्री डॉ. व्ही. के. आर. व्ही. राव यांनी राष्ट्रीय सेवा योजना सुरू केली. तेव्हा तीत 37 विद्यापीठं होती आणि सुमारे 40 हजार विद्यार्थी. समोर शांतता पसरली होती. एवढा एकाग्र श्रोतृवृंद मला एकोणचाळीस वर्षांच्या नोकरीत मिळाला नव्हता, म्हणून मी सुरात आलो. योजनेचं बोधचिन्ह म्हणजे कोणार्कच्या सूर्यमंदिराचं रथचक्र, त्याच्या आठ आऱ्या म्हणजे दिवसाचे आठ प्रहर, म्हणजे स्वयंसेवक चोवीस तास सेवेला तयार, असं म्हणून मी टेबलावर थाप मारली. पहिल्या रांगेतला एक स्वयंसेवक दचकून जागा झाला आणि म्हणाला, "हजर, सर."

दुसऱ्या दिवशी काम एकदाचं सुरू झालं. म्हणजे अवजारांचा शोध सुरू झाला. कॉलेजने हातमोजे आणले होते, टोप्या आणल्या होत्या, बिल्ले आणले होते. फावडी आणली नव्हती. "ती स्थानिक पातळीवर उपलब्ध होतील असं पत्रात होतं," सर म्हणाले. मी घरोघर फिरलो. गावाने सहकार्य केलं, म्हणजे प्रत्येक घराने आपलं सर्वांत टाकाऊ अवजार देशकार्याला दिलं. एका फावड्याचं पातं झिजून उलथन्याएवढं झालेलं. एका घमेल्याच्या बुडातून आभाळ दिसे. एका घरातून बिनदांड्याची कुदळ आली आणि शेजारच्या घरातून बिनकुदळीचा दांडा. ते दोघे भाऊ होते, वाटणी झालेली होती. सगळं मिळून डझनभर फावडी, सात टिकाव, दोन पहारी. पन्नास पोरांत हे वाटल्यावर तीसेक पोरं मोकळी राहिली. ती व्यवस्थापन करू लागली.

माळावर चर आखायचे तर उतारावरची समान उंचीची रेघ सापडावी लागते. त्यासाठी ए-फ्रेम वापरतात. तीन काठ्या बांधून केलेला 'ए', वरच्या टोकाला दोरी, दोरीला ओळंबा. दोन्ही पाय जमिनीवर टेकवल्यावर दोरी आडव्या काठीवरच्या मधल्या खुणेवर आली की दोन्ही पाय एका पातळीत. मग एक पाय तसाच ठेवायचा, दुसरा फिरवून पुढे टाकायचा. पाणलोटवाल्यांनी ही युक्ती अडाण्यालाही शिकवली आहे. शिकलेल्यांना शिकवायची राहिली. कॉम्प्युटर सायन्सच्या एका मुलाने दोरीकडे बघून कीव केली, "काका, मोबाईलमध्ये लेव्हलचं ॲप असतं," म्हणत फोन दगडावर ठेवला. पुढचा दगड बघितला, त्याच्यावर ठेवला. ॲप सगळीकडे हिरवं दाखवत होतं. दुपारपर्यंत आखलेली रेघ माळावरून अशी उतरत गेली की पाऊस पडला असता तर पाणी अडायचं सोडून रांगेत, शिस्तीत, थेट खालच्या वस्तीत शिरलं असतं.

मेंढरं घेऊन निघालेला म्हातारा काठीवर हनुवटी टेकवून हे बघत होता.

"पोरा, पाणी काय मोबाईल बघून उतरतंय व्हय?"

"आजोबा, हे सॅटेलाइटवर चालतं."

"मग वरनंच अडवा की. खाली कशाला खांदताय?"

चर साठ सेंटिमीटर रुंद आणि तीस खोल हवा, आणि निघालेली माती उताराच्या खालच्या अंगाला टाकायची, कडेपासून थोडी जागा सोडून. म्हणजे तिचा बांध होतो. पोरांनी माती वरच्या अंगाला टाकली, कारण वरच्या अंगाला सावली होती. पहिल्या पावसात ती सगळी माती पुन्हा चरात येऊन बसणार होती. म्हणजे खोदकाम आणि बुजवणी एकाच श्रमात. मी ओरडून सांगितलं तेव्हा सगळ्यांनी माना हलवल्या आणि एका मुलीने नम्रपणे विचारलं, "काका, खालची बाजू म्हणजे कुठली?"

त्या क्षणी मला कमरेतून कळ आली. ती अजून गेलेली नाही.

खाली ओढ्यावर फावड्यांची तऱ्हा निराळी. पोरं फावडं डोक्यावर उचलून जमिनीवर आपटत. तिसऱ्या घावाला दांडा हातात आणि पातं शेजारच्याच्या पायाजवळ. मग ती दगडाने दांडा ठोकत. तोंडात पदर धरून हे बघणाऱ्या एका आजीला शेवटी राहवलं नाही. ती ओढ्यात उतरली, फावडं हिसकावून घेतलं, बाभळीची ढलपी तासून पाचर केली, दांड्याच्या डोक्यात ठोकली आणि सबंध फावडं पाण्याच्या डबक्यात बुडवून वर दगड ठेवला. "राच्च्याला भिजू दे. लाकूड फुगलं की बाप आला तरी निघायचं न्हाई." पोरांनी हा प्रकार व्हिडिओत घेतला. "आज्जी, परत एकदा करता का? लाइट बरोबर नव्हता." आजीने जे उत्तर दिलं ते अहवालात घातलेलं नाही.

आणि इथून पुढे शिबिराला भलतंच वळण लागलं. आमच्या माणसाला स्वतः काम करायचा कंटाळा आहे हे खरं, पण दुसऱ्याने ते चुकीचं केलेलं त्याच्या डोळ्यांना सोसत नाही. तिसऱ्या दिवशी माळाच्या कडेला पारावरची सगळी मंडळी येऊन बसली. पहिला तास नुसती टीका झाली. "आरं, असं धरत्यात व्हय टिकाव?" "पाय फाकव, पाय!" "ह्याला फोडणीचा कांदा तरी चिरता येत असंल का?" दुसऱ्या तासाला एकजण "सर बाजूला" म्हणत आत शिरला. फक्त दाखवण्यासाठी. त्याने दाखवायला सुरुवात केली ती दहा फूट चर पुरा करूनच थांबला. त्याचं बघून त्याचा चुलतभाऊ उतरला, कारण त्याच्या मते पहिल्याचीही पद्धत चुकत होती. दोघांत बोलणं नव्हतं. बांधावरून सात वर्षं केस चालू. तरी दोघं एका चराच्या दोन टोकांनी निघाले आणि दुपारपर्यंत मध्यात समोरासमोर आले. तिथे दोन फूट माती तशीच उभी राहिली. ती काढायची कुणी? अखेर ती एका बी.कॉम.च्या मुलीने काढली, आणि त्या शिबिरात विद्यार्थ्यांनी स्वबळावर केलेलं ते पहिलं धड खोदकाम.

चौथ्या दिवशी गावातली साठ-सत्तर माणसं ओढ्यावर होती. घरातली चांगली फावडी आता कुठे बाहेर आली, कारण स्वतःच्या हातात घ्यायची होती. पोरं आणि गाव मिळून घमेल्यांची साखळी लागली. साखळी छान चालते, फक्त मधल्या कुणाला फोन येता कामा नये. आला, की त्याच्या वरच्या अंगाला भरलेली घमेली साचतात आणि खालच्या अंगाला माणसं. "मम्मी, मी नंतर करतो, मी देशसेवेत आहे," असं सांगून एकाने फोन ठेवला तेव्हा त्याच्या पायाशी सात घमेली उभी होती.

पोत्यांचं काम बायकांनी हातात घेतलं. तोपर्यंत पोरं पोती तोंडापर्यंत भरत होती. तोंडापर्यंत भरलेलं पोतं ताठ राहतं, दुसऱ्याच्या अंगाला बसत नाही, आणि मधून पाणी पळतं. ते पाऊण भरायचं, दाभणाने सुतळीची शिलाई घालायची, आडवं टाकून पायाने दाबायचं, आणि दुसरा थर विटांच्या भिंतीसारखा सांधे मोडून रचायचा. पाणी येणाऱ्या अंगाला चिकण माती थापायची. कॉलेजच्या मुली दाभण धरायला शिकल्या, मुलं सुतळी ओवायला. एका मुलाने दाभण बोटात घुसवून घेतलं आणि प्रथमोपचार पथकाला काम मिळालं. ते पथक दोन दिवस नुसतंच बसून होतं, तेही बिचारं खूश झालं.

जेवणाला त्या दिवशी घराघरातून भाकरी, पिठलं आणि खर्डा. दिवसभर टिकाव मारून पोरांच्या तळहातांना फोड आले होते, त्यातले बरेच फुटलेले. पहिला घास खर्ड्यात बुडवला आणि पंगतीत एकदम टाळ्या वाजल्यासारखा आवाज झाला. सगळे हात झटकत होते. आमची म्हातारी माणसं समाधानाने एकमेकांकडे बघत होती. श्रमसंस्कार म्हणतात तो हाच, असं बहुधा त्यांना वाटत असावं.

रात्री शेकोटीपाशी मी सरांना बाजूला घेतलं. कार्यक्रम अधिकारी हा माणूस प्राध्यापक असतो, पण शिबिरात तो स्वयंपाकी, डॉक्टर, पोलीस आणि पालक असतो. त्यांचा आवाज बसला होता आणि चपलेचा अंगठा तुटला होता.

"सर, खरं सांगा, या पोरांना यातलं काही येत नाही, हे तुम्हाला आधीपासून ठाऊक असतं ना?"

सर हळूच म्हणाले, "गुरुजी, त्यांना येत असतं तर तुमचं गाव ओढ्यावर आलं असतं का?"

मी चहा मागवला. साखर संपली होती.

सहाव्या दिवशी बंधारा उभा राहिला, कंबरेएवढा. आणि मग अहवालाची आठवण झाली. अहवालाला 'कामापूर्वी' आणि 'कामानंतर' असे दोन फोटो लागतात. 'कामापूर्वी'चा कुणी काढलाच नव्हता. त्या दिवशी सगळे कॅमेरे पाहुण्यांच्या कुदळीवर रोखलेले होते. आता बंधारा पाडायचा की काय, यावर काही वेळ गंभीर चर्चा झाली. शेवटी अर्धा किलोमीटर खाली जाऊन त्याच ओढ्याचा ओसाड तुकडा 'कामापूर्वी' म्हणून टिपला. त्या फोटोत जो कुत्रा उभा आहे, तोच 'कामानंतर'च्या फोटोतही आहे. तेवढाच पुरावा की गाव एकच.

समारोपाला पाहुणे वेळेवर आले, कारण जेवण होतं. त्यांनी सांगितलं की युवाशक्तीने गावाचा कायापालट केला. आमची माणसं टाळ्या वाजवत होती. स्वतः खोदलेल्या चराचं श्रेय दुसऱ्याला जाताना त्यांना एवढं हसू मी कधी बघितलं नव्हतं. पोरं निघताना आज्जीच्या पाया पडली. आज्जीने प्रत्येकाचा तळहात उलटा करून बघितला आणि ज्याचा मऊ होता त्याला "पुढल्या साली तू आधी ये" असं बजावलं.

बंधाऱ्यात पाणी साचलं. फार नाही, करंगळीएवढ्या धारेचं जेवढं साचायचं तेवढंच, पण माघ सरेपर्यंत मेंढरांना वरच्या वस्तीवर न्यावं लागलं नाही. मेहुण्यांच्या विहिरीलाही ओल आली, ती त्यांनी स्वतः कबूल केलेली नाही, मोटरच्या आवाजावरून कळते. पोती एका पावसाची सोबती. जूनमध्ये ओढ्याला पहिला पूर आला की बंधारा जातो, आणि जायलाच हवा, नाहीतर पूर काठ फोडतो. म्हणजे दरवर्षी नव्याने घालायचा. कॉलेजचं पत्र यंदाही आलं आहे. तारीख डिसेंबरचीच आहे. गावाने ठरवलं आहे की दिवाळीतच आपण आपला एक बंधारा घालून टाकू, आणि पोरं आली की त्यांना चुकीचा घालायला दुसरी जागा देऊ.

तर वाचकांना एक विनंती. तुमच्याकडे घराचं बांधकाम चालू असेल तर गवंड्याला आत्ताच सांगा की सिमेंटचं पोतं फावड्याने मधोमध चिरू नको, कडेने तोंड उघड. चिरलेली पोती आम्हाला चालत नाहीत, आणि गवंडी न सांगता कधी थांबत नाही. रिकामी पोती झटकून, घडी घालून, उंदरांपासून लांब ठेवा. खताचीही चालतील. न्यायला पोरं येतील. त्यांना चहा द्या, पोती मात्र तुम्हीच मोजा.